विलंबाची कारणमीमांसा : बांधकाम-व्यवस्थापनावरील प्रबंधांची साधने

स्थापत्य अभियांत्रिकीच्या ज्या उपशाखेस बांधकाम-व्यवस्थापन असे नाव आहे, तिच्यात पीएच.डी.साठी सादर होणाऱ्या प्रबंधांचा एक ठरावीक साचा गेल्या दोन-तीन दशकांत रूढ झाला आहे. ‘शोधगंगा’ या संग्रहामुळे असे प्रबंध आता कोणत्याही अभ्यासकास बसल्या जागी चाळता येतात. आणि पाच-सहा प्रबंध सलग वाचले की सातव्याची अनुक्रमणिका न उघडताच सांगता येऊ लागते. विषय बहुधा प्रकल्पांना होणारा विलंब किंवा त्यांच्या खर्चात होणारी वाढ हा असतो. आधीच्या निबंधांतून विलंबाच्या कारणांची एक लांबलचक यादी तयार केली जाते. ती प्रश्नावलीच्या रूपाने मालक, सल्लागार आणि कंत्राटदार या तीन वर्गांतील काही व्यक्तींकडे धाडली जाते. प्रत्येक कारणापुढे एक ते पाच यांपैकी एक आकडा मांडावा, अशी त्यांना विनंती असते. आलेल्या आकड्यांवरून ‘सापेक्ष महत्त्वाचा निर्देशांक’ काढून कारणांना पहिला, दुसरा, तिसरा असे क्रमांक दिले जातात, आणि अखेरीस पहिल्या पाच-दहा कारणांकडे संबंधितांनी लक्ष पुरवावे अशी शिफारस केली जाते. या प्रबंधांमागील कष्टांविषयी शंका घेण्याचे कारण नाही. शंका आहे ती निराळीच. विलंब का होतो या प्रश्नाचे उत्तर या मार्गाने मिळते काय, की विलंब का होतो असे लोकांना वाटते, एवढेच त्यातून कळते?

या साच्याचा आदर्श म्हणून ज्या निबंधाचा उल्लेख वारंवार केला जातो, तो असफ आणि अल्-हेज्जी यांचा २००६ सालचा निबंध होय. सौदी अरेबियाच्या पूर्व प्रांतातील मोठ्या बांधकामांविषयी त्यांनी चौकशी केली. विलंबाची ७३ कारणे नोंदली. आणि तिन्ही वर्गांनी एकमुखाने सांगितलेले कारण म्हणून ‘चेंज ऑर्डर’, म्हणजे मंजूर कामात मागाहून केलेला फेरबदल, याचा निर्देश केला. ज्या प्रदेशाविषयी व्यवस्थित माहितीच गोळा झालेली नव्हती, तेथे एवढे काम होणे हेही उपयुक्तच होते. त्या निबंधाचे श्रेय नाकारण्यात अर्थ नाही. परंतु ‘चेंज ऑर्डर’ हे कारण आहे काय? वस्तुतः तो एक कागद आहे. पायासाठी खोदाई सुरू झाल्यावर जेथे खडक अपेक्षित होता तेथे चिकणमाती लागली, म्हणून तो निघतो. वास्तुविशारदाचे ड्रॉइंग निविदेच्या वेळी अपुरे होते, म्हणून निघतो. मालकाला मध्येच आणखी एक मजला हवासा वाटला, म्हणूनही निघतो. पहिल्या प्रसंगी दोष भूस्तर-चाचणीचा, दुसऱ्या प्रसंगी निविदा काढण्याच्या घाईचा, तिसऱ्या प्रसंगी मालकाचा. तिन्ही दोष एका शीर्षकाखाली जमा करून त्या शीर्षकाला वरचा क्रमांक दिला, तर जे शोधायचे तेच नेमके झाकले जाते. ताप हे आजाराचे लक्षण म्हणून नोंदणे निराळे आणि रोग म्हणून नोंदणे निराळे.

याहून गंभीर आक्षेप या शास्त्राच्या स्वतःच्याच सिद्धान्तातून निघतो. १९५७ पासूनच्या दोन-तीन वर्षांत ड्यू पाँ कंपनीच्या कामासाठी केली आणि वॉकर यांनी ‘क्रिटिकल पाथ’ची पद्धत बसविली. कोणत्याही कामातील अनेक क्रियांपैकी एका विशिष्ट साखळीवरील क्रियांचा विलंब तेवढाच संपूर्ण कामाला लांबवतो. इतर क्रियांना काही दिवसांची मोकळीक, म्हणजे ‘फ्लोट’, असतो, हा तिचा गाभा. पदव्युत्तर वर्गात हा धडा पहिल्याच सत्रात शिकवला जातो. समजा, एका पुलाच्या कामावर सळई पंधरा दिवस उशिरा आली. परंतु त्याच पंधरा दिवसांत पायाच्या खड्ड्यात पाणी भरल्यामुळे सळई बांधण्याची वेळच आली नव्हती. अशा वेळी सळईच्या विलंबाने काम एका दिवसानेही लांबलेले नाही. पण सहा महिन्यांनी प्रश्नावली भरताना भांडारपालाशी झालेले भांडण अभियंत्याच्या स्मरणात असते, आणि ‘साहित्याचा अपुरा पुरवठा’ यापुढे तो निःशंकपणे पाच हा आकडा मांडतो. जी पद्धत वर्गात शिकवली तिचाच विसर प्रबंधात पडावा, ही चमत्कारिक गोष्ट आहे. इंग्लंडमधील सोसायटी ऑफ कन्स्ट्रक्शन लॉ या संस्थेने विलंबाच्या दाव्यांसाठी २००२ साली मार्गदर्शक संहिता प्रसिद्ध केली आणि २०१७ साली तिची दुसरी आवृत्ती काढली. कोणत्या घटनेने कोणत्या क्रियेला किती दिवस अडवले आणि ती क्रिया त्या वेळी निर्णायक साखळीवर होती काय, याचा समकालीन नोंदींनिशी उलगडा व्हावा, हा त्या संहितेचा आग्रह आहे. म्हणजे लवादापुढे जो पुरावा क्षणभरही टिकणार नाही, तो विद्यापीठात पदवीस पुरेसा ठरतो.

आकड्यांविषयी थोडक्यात सांगता येईल. लिकर्ट यांनी १९३२ साली जी मापश्रेणी पुढे आणली ती मनोवृत्ती मोजण्यासाठी होती. बाह्य घटना मोजण्यासाठी नव्हे. एक ते पाच हे आकडे केवळ क्रम दाखवतात. दोन आणि तीन यांतील अंतर चार आणि पाच यांतील अंतराइतकेच आहे, असे त्यांत कोठेही गृहीत नसते. मापनाच्या श्रेणींतील हा भेद स्टीव्हन्स यांनी १९४६ सालीच स्पष्ट केला. तरीही या आकड्यांची बेरीज करून, तिला कमाल बेरजेने भागून, दशांशाच्या तिसऱ्या स्थळापर्यंत निर्देशांक काढला जातो, आणि त्या तिसऱ्या स्थळावरील फरकाने एखादे कारण चौथ्याचे पाचवे होते. कंत्राटदार मालकाला दोष देतात आणि मालक कंत्राटदाराला, हा तर प्रत्येक प्रबंधातील हमखास निष्कर्ष. तो काढण्यासाठी संख्याशास्त्राची गरज होती असे वाटत नाही.

भारतातील परिस्थितीविषयी डोलोई, साहनी, अय्यर आणि रेंटाला यांचा २०१२ सालचा निबंध या साच्यातील उत्तम नमुना म्हणता येईल. त्यात घटक-विश्लेषणाचा आणि समाश्रयणाचा काळजीपूर्वक उपयोग आहे. त्यात अग्रस्थानी आलेला घटक मात्र ‘बांधिलकीचा अभाव’ हा आहे, आणि पाठोपाठ कार्यस्थळाची अकार्यक्षम व्यवस्था व समन्वयाचा अभाव येतात. हे घटक वाचताना एक प्रश्न मनात राहतो. काम वेळेवर झाले असते तर याच माणसांची बांधिलकी अपुरी ठरली असती काय? काम रखडले म्हणून बांधिलकी नव्हती असे म्हणायचे, आणि बांधिलकी नव्हती म्हणून काम रखडले असेही म्हणायचे, यात कार्यकारणभाव नसून केवळ पुनरुक्ती आहे. बांधिलकी हा निवाडा आहे. तो नोंदीवर आधारलेला असेल तर मान्य करता येईल, परंतु येथे नोंद नसून उत्तर देणाऱ्याचे मतच आहे.

दुसऱ्या एका परंपरेने मते बाजूस ठेवून पूर्ण झालेल्या प्रकल्पांचे आकडेच हाती घेतले. फ्ल्यूबिया, होल्म आणि बूल यांनी २००२ साली वीस देशांतील २५८ वाहतूक-प्रकल्पांचा अंदाजित व प्रत्यक्ष खर्च ताडून पाहिला. दहापैकी नऊ प्रकल्पांत खर्च अंदाजापेक्षा अधिक झाला होता. रेल्वेच्या कामांत सरासरी वाढ सुमारे ४५ टक्के, पूल व बोगद्यांत सुमारे ३४ टक्के, आणि रस्त्यांत सुमारे २० टक्के होती. सत्तर वर्षांच्या अवधीत यात सुधारणा झालेली दिसत नाही. चुकांपासून माणसे शिकतात, तेव्हा हे अंदाज चुकलेले नसून जाणूनबुजून कमी दाखवलेले आहेत, असे त्यांचे प्रतिपादन. साधनांच्या दृष्टीने हे काम प्रश्नावलीपेक्षा कितीतरी भक्कम आहे. पण त्यांचा शेवटचा निष्कर्ष वजाबाकीने काढलेला आहे: तांत्रिक चूक पुरेशी ठरत नाही, तेव्हा राहिले ते असत्य. ज्यांनी अंदाज तयार केले त्यांचे कागद मात्र त्यात उघडलेले नाहीत. शिवाय तुलना कोणत्या दिवसाच्या अंदाजाशी करायची, बांधण्याचा निर्णय झाला त्या दिवसाच्या की कंत्राट दिले त्या दिवसाच्या, यावर उत्तर पुष्कळ बदलते; पीटर लव्ह आदी टीकाकारांनी याच मुद्द्यावर पुढे वाद उपस्थित केला.

हा प्रश्न महाराष्ट्राला अपरिचित नाही. वैनगंगेवरील गोसीखुर्द प्रकल्पास १९८३ साली ३७२ कोटी रुपयांची मान्यता मिळाली होती. २०१६ च्या सुधारित मान्यतेत तो आकडा १८,४९४ कोटींवर गेला. पन्नासपट म्हणून टाळ्या घेणारे वाक्य यावरून सहज तयार होते. पण तेहतीस वर्षांतील किंमतवाढ किती, पुनर्वसनाचा व भूसंपादनाचा बदललेला दर किती, मूळ अंदाजात नसलेली कामे किती आणि निव्वळ रेंगाळण्याची किंमत किती, हे वेगळे केल्याखेरीज त्या पन्नास या आकड्याला अर्थ नाही. ते वेगळे करणे हाच एका प्रबंधाचा विषय आहे. भारतापुरता राम सिंग यांनी २०१० साली ८९४ केंद्रीय प्रकल्पांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, तो या दिशेने बराच पुढे जातो. विलंब आणि खर्चवाढ काळाच्या ओघात कमी होत आली आहेत, असे त्यांना आढळले. प्रत्येक प्रबंधाच्या पहिल्या पानावरील ‘परिस्थिती दिवसेंदिवस बिकट होत आहे’ या वाक्याला तो पुरावा अनुकूल नाही, आणि तरीही ते वाक्य छापले जातेच.

आल्बर्ट हर्शमन यांचे १९६७ सालचे ‘डेव्हलपमेंट प्रोजेक्ट्स ऑब्झर्व्ह्ड’ हे पुस्तक या संदर्भात पुन्हा वाचण्यासारखे आहे. जागतिक बँकेचे साहाय्य लाभलेल्या अकरा प्रकल्पांना प्रत्यक्ष भेटी देऊन ते लिहिलेले आहे. पूर्व पाकिस्तानातील कर्णफुली कागद-गिरणीजवळच्या बांबूला फुलोरा आला आणि बांबू मरून गेला, तेव्हा गिरणीच्या चालकांना दूरदूरच्या खेड्यांतून नदीमार्गे बांबू आणण्याची व्यवस्था उभारावी लागली. या प्रसंगातून हर्शमन यांनी अशी उपपत्ती मांडली की, अडचणी आधी दिसत नाहीत म्हणूनच माणसे मोठी कामे अंगावर घेतात, आणि मग त्यांतून मार्गही काढतात. फ्ल्यूबिया यांनी २०१६ साली २,०६२ प्रकल्पांच्या आकड्यांवरून ही उपपत्ती बहुतांशी चुकीची ठरवली. त्यांचे खंडन पटण्याजोगे आहे. पण हर्शमन यांची उपपत्ती खोडता आली, कारण ती निश्चित स्थळाविषयी आणि निश्चित घटनेविषयी काही ठाम सांगत होती. ‘समन्वयाचा अभाव, क्रमांक तीन’ हे विधान खोडायचे तरी कोणत्या पुराव्याने?

साधनांचा हा भेद मराठी वाचकाच्या परिचयाचा आहे. वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ याचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तो १७५० ते १७६१ या काळातील पत्रांचा. आणि त्याच्या प्रस्तावनेत बखरींमधील स्थळ-काळाचे घोटाळे त्यांनी परखडपणे उघड केले. बखर घटनेनंतर, कोणाच्या तरी सांगण्यावरून आणि कोणाला तरी रुचेल अशी लिहिली जाते. पत्र त्या दिवशी, त्या कामापुरते लिहिलेले असते. प्रश्नावलीची उत्तरे ही बांधकामाची बखर आहे. तिला मोल नाही असे नाही. त्या काळच्या माणसांना काय वाटत होते हे बखरीइतके दुसरे काही सांगत नाही. तिच्यावरून तारखा मात्र ठरवू नयेत.

बांधकामावरचे दफ्तर बखरीहून कितीतरी विपुल असते. मोजमाप पुस्तिका, जिला कामावर सगळे एम. बी. म्हणतात, तिच्यात झालेले काम तारखेनिशी मोजलेले असते. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या कामांवर ‘हिंड्रन्स रजिस्टर’ ठेवण्याची पद्धत आहे. अडथळा कोणत्या दिवशी आला, कोणत्या दिवशी दूर झाला, याची नोंद दोन्ही पक्षांच्या सहीनिशी त्यात असावी, आणि मुदतवाढीचा निर्णय तिच्याच आधारे व्हावा, अशी अपेक्षा असते. याशिवाय ड्रॉइंग मिळाल्याच्या पोहोच-नोंदी, साप्ताहिक बैठकांची टिपणे आणि पत्रव्यवहार. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यात दस्तऐवजांच्या नकलाच नव्हे, तर सार्वजनिक कामांची व अभिलेखांची पाहणी करण्याचाही अधिकार समाविष्ट आहे; प्रबंधकारांनी त्याचा उपयोग केल्याचे क्वचितच दिसते. अर्थात दफ्तरही निष्पाप नसते. दंड टळावा म्हणून अडथळ्याचा दिनांक मागाहून लिहिला जातो. कार्यकारी अभियंत्याने सही महिनोन्महिने रोखून धरलेली असते. काही अडथळे दोघांच्याही सोयीसाठी नोंदलेच जात नाहीत. म्हणूनच ते पत्रव्यवहाराशी, बिलांशी आणि पावसाच्या नोंदींशी ताडून पाहावे लागते. हे कौशल्य इतिहास-विभागात शिकवले जाते, स्थापत्य-विभागात नाही.

या मार्गाने काय साधते हे पाहायचे तर ग्लेन बॅलर्ड यांचा २००० साली बर्मिंगहॅम विद्यापीठास सादर झालेला प्रबंध पाहावा. त्यांनी विलंबाविषयी कोणाचे मत विचारले नाही. कामाची शेवटची वाटणी करणारा मुकादम किंवा पर्यवेक्षक आठवड्याच्या आरंभी कोणती कामे पुरी करू म्हणतो, आणि आठवडा संपताना त्यांतील किती पुरी झालेली असतात, एवढेच त्यांनी मोजायला लावले. आणि जे काम राहिले ते का राहिले, हे त्याच आठवड्यात लिहून घेतले. चांगल्या म्हणवल्या जाणाऱ्या कामांवरही ठरलेल्या कामांचा फार मोठा हिस्सा त्या आठवड्यात पुरा होत नसे, आणि त्याचे कारण बहुतेक वेळा कारागिराचा आळस हे नसून त्याच्या हाती आधीचे काम, साहित्य किंवा ड्रॉइंग आलेले नसे, असे त्यातून दिसून आले. त्याच वर्षी हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठास सादर झालेल्या लॉरी कोस्केला यांच्या प्रबंधाने बांधकाम हे केवळ रूपांतर नसून प्रवाह आहे, अशी सैद्धान्तिक बैठक या विचाराला दिली. बॅलर्ड यांच्या मापनातही उणीव आहे. मुकादमाने सोपीच कामे कबूल केली तर टक्केवारी वाढते आणि इमारत मात्र वर येत नाही. तथापि ही उणीव दिसते, कारण मोजमाप उघड आहे.

प्रश्नावलीत कोणाला विचारले जाते याकडेही लक्ष गेले पाहिजे. मालक, सल्लागार, कंत्राटदार, बस. सेंट्रिंगचा सुतार, सळई बांधणारा, गवंडी, बिगारी आणि त्यांना आणणारा मुकादम यांना कोणी प्रश्नावली देत नाही. गंमत अशी की ‘मजुरांचा तुटवडा’ हे कारण मात्र यादीत बहुधा असतेच. हा तुटवडा म्हणजे नक्की काय? मजूर मिळत नाहीत, की मिळतात पण मागल्या पंधरवड्याची मजुरी थकल्यामुळे दुसऱ्या कामावर निघून जातात, की पेरणीच्या आणि सुगीच्या दिवसांत गावी जातात, जे दरवर्षी ठरलेले असल्यामुळे वेळापत्रकात आधीच धरता आले असते? पहिला प्रकार बाजाराचा, दुसरा कंत्राटदाराच्या रोकडीचा, तिसरा नियोजकाच्या अज्ञानाचा. १९९६ च्या बांधकाम-कामगारविषयक केंद्रीय कायद्याने मालकांवर कामगारांच्या नोंदवह्या ठेवण्याचे बंधन घातलेले आहे. हजेरीचा मस्टर आणि मजुरी-वाटपाच्या तारखा शेजारी शेजारी ठेवल्या, तर या तिहींतील भेद एका दुपारी कळू शकतो.

विद्यार्थी या वाटेने जात नाहीत, याचा दोष सर्वस्वी त्यांच्यावर टाकणे न्याय्य होणार नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ आणि २०१६ च्या विनियमांत प्रबंधापूर्वी लेख प्रसिद्ध करण्याची अट होती. प्रश्नावलीवरचा लेख एका सत्रात तयार होतो, दफ्तराच्या वाचनाला दोन वर्षे लागतात. २०२२ च्या विनियमांनी ती सक्ती काढली, पण साचा जागच्या जागी आहे. कंपन्या आपली कागदपत्रे दाखवीत नाहीत, ही तक्रारही खरीच. परंतु या शाखेतील संशोधकांपैकी पुष्कळजण नोकरी सांभाळून पीएच.डी. करणारे अभियंते असतात. ज्यांच्या टेबलावर रोज हिंड्रन्स रजिस्टर येते, त्यांनीच आपल्या सहकाऱ्यांना एक ते पाच आकडे मांडायला सांगावे, हे पाहून नवल वाटते. मार्गदर्शकांनी नावे गाळून, कंपनीची अनुमती घेऊन, एकाच कामाचा संपूर्ण इतिहास लिहिण्यास अशा विद्यार्थ्यांना सांगितले तर काय हरकत आहे? परीक्षकांना एकाच कामावरचा प्रबंध ‘लहान’ वाटतो, एवढीच हरकत आढळते.

पायाभूत सुविधांच्या नियोजनात ‘भूसंपादन’ या कारणाची गोष्ट अशीच आहे. भारतीय प्रबंधांत ते नेहमी वरच्या क्रमांकांत असते. पण २०१४ पूर्वीच्या प्रबंधातील भूसंपादन १८९४ च्या कायद्याखालचे होते, आणि नंतरच्या प्रबंधातील २०१३ च्या नव्या कायद्याखालचे. मोबदला निराळा, संमतीची तरतूद निराळी, सामाजिक परिणामांचा अभ्यास नव्याने आलेला. दोन्ही ठिकाणी शब्द एकच असल्यामुळे दोन्ही प्रबंधांचे क्रमांक शेजारी मांडून तुलना केली जाते. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्गाच्या ७०१ किलोमीटर मार्गासाठी जमिनीचा मोठा भाग संमतीने, थेट खरेदीखताने घेतला गेला; रस्ता डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने खुला होऊन जून २०२५ मध्ये पूर्ण झाला. प्रत्येक खरेदीखतावर दुय्यम निबंधकाच्या कचेरीतील तारीख आहे. सातबाऱ्यावर मृत खातेदाराचे नाव तसेच राहिलेले असते, वारसांची नोंद झालेली नसते, एखादा वारस पुण्यामुंबईत असतो; फेरफार मंजूर झाल्याखेरीज खत होत नाही आणि खत झाल्याखेरीज कंत्राटदाराला सलग पट्टा मिळत नाही. एका तालुक्यातील सर्व गट क्रमांकांचे फेरफार, खरेदीखते आणि ताबापावत्या यांच्या तारखा एका तक्त्यात मांडल्या, तर ‘भूसंपादन’ या एका शब्दात किती निरनिराळे विलंब कोंबलेले आहेत, आणि त्यांतील कोणता गावच्या दफ्तरातला व कोणता मंत्रालयातला, हे दाखवता येईल.